फोटोपुरतं संशोधन

"विज्ञानाला चेहरा नसतो!" संचालक म्हणाले, आणि सभागृह भारावून गेलं. "विज्ञान विचारत नाही तुम्ही कुठल्या घरातून आलात, बाई आहात की बुवा, तुमचे वडील काय करत होते. विज्ञान एवढंच विचारतं, की तुमच्याकडे प्रश्न आहे का!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांच्या पाठीमागे दारापेक्षा उंच फलक होता आणि त्यावर एक चेहराच होता. हातात निळ्या पाण्याचा चंबू, ओठांवर फोटोवाल्यानं सांगितलं होतं तेवढं हसू. चेहऱ्याची मालकीण मागच्या रांगेत खांबाआड बसली होती. टाळ्या थांबल्यावर संचालक माइकवरूनच म्हणाले, "अरे, ती आपली मुलगी कुठंय? तिला पुढे बसवा बरं. ग्रुप फोटो आहे."

तिला सगळे दगडफूल म्हणत. टोपणनाव म्हणून हे काही वाईट नव्हतं. त्या संस्थेत याहून वाईट नावांची माणसं पुष्कळ वरच्या पदांवर होती. नाव पडलं होतं तिच्या कामावरून. खडकावर, झाडाच्या सालीवर करड्या पापुद्र्यासारखं जे उगवतं, ज्याला वाटेनं जाणारा माणूस घाण समजून नखानं खरवडतो, त्या दगडफुलावर ती पीएचडी करत होती. दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार असतो. पाणी नसलं की हा संसार महिनोन्‌महिने मेल्यासारखा पडून राहतो, आणि थेंबभर पाणी मिळालं की हळूहळू जागा होतो. आता जागं होताना आधी कोण उठतं, आणि कोण कुणाला उठवतं, हे पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत तिला बघायचं होतं.

"आपल्या घरात आई उठते," तिची थोरली बहीण फोनवर म्हणाली होती. "आणि आई बाबांना उठवते. यात पीएचडी कसली?"

"अक्का, ते बघायला मायक्रोस्कोप लागतो."

"बाबांना उठवायला तर तोफ लागते."

बाबा गवंडी होते. गवंड्याच्या घरातून त्या संस्थेत पीएचडीला आलेली ती पहिलीच. त्यात मुलगी. त्यामुळे ती आली त्याच वर्षी संस्थेनं 'सर्वसमावेशक वातावरण समिती' स्थापन केली आणि तिचे फोटो काढायला सुरुवात केली.

समितीच्या अध्यक्ष होत्या दगडफुलाच्याच गाइड. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. विभागात बाई प्राध्यापक अशा त्या एकट्याच, त्यामुळे स्त्रियांविषयी, मागे राहिलेल्यांविषयी, पाळणाघराविषयी आणि एकदा तर चुकून पार्किंगविषयीच्या समितीवरही त्यांचीच नेमणूक झालेली. बाई कमी बोलत. दगडफुलाच्या कामाविषयी त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: "एकदा दिसलं तर भास. दोनदा दिसलं तर योगायोग. तिसऱ्यांदा दिसलं तर त्याचं प्रकरण लिही."

प्रबंधाचं ते शेवटचं प्रकरणच राहिलं होतं. वर्षअखेरीला फेलोशिप संपत होती. तोवर दगडफूल तीनदा नीट जागं होताना दिसलं नाही, तर प्रकरण नाही. प्रकरण नाही तर पदवी नाही. आणि पदवी नाही तर सामान बांधून घरी. अडचण फक्त वेळेची होती. जागं व्हायला दगडफुलाला अख्खी दुपार लागायची, आणि मोठा मायक्रोस्कोप तिला मिळायचा तासभर.

हा मायक्रोस्कोप तळघरात होता. सगळ्या संस्थेसाठी तो एकच, आणि त्याच्या दारावर वेळापत्रकाचा फळा. फळ्यावरचे सलग दिवस संचालकांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कुणी फळ्यावर लिहून ठेवलंय? त्यांची मुलं जेवायला गेली, चहाला गेली किंवा कंटाळली की मध्ये जो वेळ उरायचा, त्याला सगळे 'फट' म्हणत. दगडफुलाला फटी मिळायच्या. ती पळत पळत तळघरात जायची, पापुद्र्यावर थेंब टाकायची, आणि पडद्यावर काहीतरी हालचाल होतेय असं वाटेपर्यंत दारात लाडोबा उभा राहायचा.

लाडोबा म्हणजे संचालकांचा आवडता विद्यार्थी. माणूस तसा दुष्ट नव्हता. फक्त दार त्याच्यासाठी उघडंच असतं, अशी त्याची जन्मापासून समजूत होती आणि अजून एकाही दारानं ती खोटी पाडली नव्हती.

"झालं का गं तुझं?" तो विचारायचा.

"आत्ताच जागं व्हायला लागलंय रे."

"मग झोपव परत. आमची वेळ झाली."

असं वर्ष चाललं. तिची दगडफुलं अर्धवट उठून पुन्हा झोपत होती आणि तिचे फोटो मात्र गावभर लागत होते. प्रवेशपत्रिकेवर ती. फाटकावर ती. बसथांब्यावर ती.

"आईनं पाहिला गं तुझा फोटो," अक्का म्हणाली. "म्हणाली, बारीक झालीय. आणि त्या चंबूत ते निळं काय असतं?"

"पाणी."

"आणि निळं?"

"रंग."

"म्हणजे तू तिथं पाण्यात रंग कालवतेस? अगं, मग बाबांबरोबर चुन्यात कालवला असतास की."

त्या निळ्या रंगाचा जनक होता फोटोवाला. हा गृहस्थ मूळचा लग्नातला. लग्नसराई नसली की संस्थेची कामं घ्यायचा आणि दोन्हीकडे एकाच पद्धतीनं फोटो काढायचा. "ताई, हनुवटी जरा वर. नजर खाली. लाजल्यासारखं करा... नाही, एवढं नाही, विज्ञान आहे."

"दगडफुलात निळं काही नसतं हो," तिनं पहिल्या दिवशीच सांगून पाहिलं.

"मग विज्ञान दिसणार कुठून?" तो म्हणाला, आणि त्याच्याही पेशाचा काही अभ्यास असेल म्हणून तिनं चंबू उचलला.

तर 'विज्ञानाला चेहरा नसतो' या भाषणानंतर संचालकांच्या मनात आलं की आता चंबू पुरे. मुलगी मोठ्या मायक्रोस्कोपवर काम करताना दिसली पाहिजे. समितीनं लगेच ठराव केला, आणि तळघराच्या दारावर कागद लागला: 'छायाचित्रण सुरू आहे. कृपया आत येऊ नये.' सकाळी लाडोबा आपला डबा, लॅपटॉप आणि दोन धाकट्या विद्यार्थ्यांचा लवाजमा घेऊन आला, तर फोटोवाल्यानं त्याला दारातच अडवलं.

"माझी वेळ आहे," लाडोबा म्हणाला.

"असेल. पण तुम्ही चौकटीत नकोत. तुमच्यामुळे मुद्दा पातळ होतो."

लाडोबाला आयुष्यात प्रथमच दार बंद दिसलं. तो बराच वेळ दाराकडेच बघत राहिला.

आत फोटोवाला दिवे लावत बसला. एक दिवा लागला की दुसऱ्याची सावली पडे. ती घालवावी तर तिसऱ्याची वायर आखूड. नुसतं बसून काय करायचं, म्हणून दगडफुलानं एक वाळका पापुद्रा काचेवर ठेवला, वर थेंब सोडला आणि काच मायक्रोस्कोपच्या काळ्या पेटीत सरकवली. पेटीत बाहेरचा उजेड शिरत नाही, त्यामुळे फोटोवाल्याच्या दिव्यांचं तिला काही नव्हतं. तिनं पडद्याकडे पाहिलं. दिवे लागले, विझले, हलवले. जेवणाची वेळ झाली आणि गेली. कुणी दार वाजवलं नाही. कुणी "झालं का गं" म्हटलं नाही. आणि पडद्यावर, काळ्यामिट्ट पसाऱ्यात, एक ठिपका उजळला. मग त्याच्या शेजारचा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम कुणीतरी हाका मारत घरभर फिरावं तसे ठिपके उजळत गेले.

"ताई, इकडे बघा!"

"थांबा हो!" ती ओरडली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो फोटो अप्रतिम आला. संचालकांनी तो पाहून मान डोलवली. "याला म्हणतात तळमळ," ते म्हणाले. "किती सुंदर अभिनय केलाय मुलीनं!"

ते शब्द ऐकताच दगडफुलाच्या डोक्यात जो विचार आला, तो तिनं आधी झटकला. गवंड्याची मुलगी, भिंत ओळंब्यात सरळ असली पाहिजे, हे घरातलं वळण. पण विचार पुन्हा आला, आणि या वेळी जरा पुढे येऊन बसला. ती तशीच बाईंकडे गेली.

"बाई, फोटोत माझे डोळे मिटलेत."

बाईंनी फोटो पाहिला. फोटोत तिचे डोळे बशीएवढे उघडे होते.

"हो का?" बाई म्हणाल्या.

"पुन्हा काढायला हवा. आणि दिवे नीट लागायला अख्खी दुपार तरी लागते."

बाईंनी चष्मा पुसला. "समितीचं कामच आहे ते," त्या म्हणाल्या. "तू अखेर समितीच्या कामात रस घेतलास, याचा मला आनंद आहे."

पुढच्या आठवड्यात डोळे पुन्हा मिटले. त्याच्या पुढच्या आठवड्यात केस विस्कटले. मग पार्श्वभूमी. मग अंगातला शर्ट, जो म्हणे यंत्राशी रंगसंगती करत नव्हता. एकूण संस्थेत अशी वदंता पसरली की दगडफुलाला प्रसिद्धीची चटक लागली. फोटोवाल्याला दुसऱ्याच खेपेला सगळं समजलं होतं, पण लग्नाच्या अल्बमांचं काम त्याच्या डोक्यावर होतं आणि तळघरासारखी शांत जागा त्याला घरीही नव्हती. तो कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचा आणि नवऱ्यामुलाच्या मावशांचे घाम पुसायचा. ती पडद्यासमोर बसायची. मधूनमधून तो कर्तव्य म्हणून ओरडायचा, "हनुवटी!" आणि ती कर्तव्य म्हणून हनुवटी वर करायची.

पण सगळ्याच दुपारी फळाला येत नाहीत. कधी पापुद्रा उठायचाच नाही, कधी मध्येच वीज जायची. तरी दुसऱ्यांदा जागं होणं तिला पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत मिळालं, आणि ते पहिल्यासारखंच होतं. आता एकच राहिलं.

इकडे तिचं बघून बाकीचेही शहाणे झाले. रसायनशास्त्रात एक अडखळत बोलणारा मुलगा होता. भट्टीसाठी नंबर लावताना त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत दुसरं कुणी नंबर लावून जायचं. त्यानं भट्टीशेजारी फोटो काढून घ्यायची इच्छा दाखवली, आणि आठवडाभर भट्टी त्याची झाली. समितीचा अहवाल फुगत चालला. शेवटी संचालकांच्या विद्यार्थ्यांनी बाईंकडे तक्रार केली की संस्थेच्या एकाही फोटोत आम्ही नाही, आमच्यावर अन्याय होतोय.

"वाईट वाटतं ना?" बाईंनी मायेनं विचारलं. "वाटतं खरं."

आणि मग तिसऱ्यांदा जागं होण्याची दुपार आली. थेंब टाकून झाला होता, पहिला ठिपका उजळला होता, शेजारचा आता उजळेल या बेतानं दगडफूल श्वास रोखून बसली होती. दार उघडलं. लाडोबा एक वही विसरला होता आणि कागद-बिगद न वाचता सवयीनं आत आला. आत येऊन पाहतो तो फोटोवाला खुर्चीत घोरतोय, कॅमेऱ्याला झाकण लावलेलं आहे, आणि दगडफूल पडद्यावरून नजर काढायला तयार नाही.

"हे काय?" लाडोबा म्हणाला. "फोटो कुठंयत?"

"श्श! पाया पडते, थांब."

"आणि या पेटीत तरी काही आहे की तेही खोटंच?" म्हणत त्यानं काळ्या पेटीचं दार उघडलं.

भसकन उजेड आत गेला. पडदा पांढराफेक झाला. फोटोवाला दचकून उठला आणि झोपेतच म्हणाला, "नवरीकडचे इकडे!"

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत चौकशी बसली. टेबलापलीकडे संचालक, बाजूला बाई, समोर दगडफूल आणि लाडोबा. फोटोवाल्याला एका साखरपुड्याचं काम असल्यामुळे तो येऊ शकला नाही.

"तुमच्यावर गंभीर आरोप आहे," संचालक म्हणाले. "छायाचित्रणाच्या वेळेत प्रत्यक्ष संशोधन केल्याचा."

बाईंना खोकला आला.

"सर, कॅमेऱ्याला झाकण होतं," लाडोबा म्हणाला. "आणि ही सरळसरळ काम करत बसली होती. आमच्या वेळेत!"

"काय म्हणणं आहे तुमचं?"

रात्रभर दगडफुलानं माफी पाठ केली होती, पण तोंड उघडल्यावर भलतंच बाहेर आलं. "सर, फोटो कसला हवा होता?"

"तुम्ही काम करत असतानाचा."

"मग काम नको करायला?"

"करत असल्यासारखं दिसायचं होतं!"

"ते मला जमत नाही, सर. म्हणून करावं लागलं."

संचालकांचा चेहरा लाल झाला. फेलोशिप थांबवायचं एखादं वाक्य त्यांच्या ओठांवर आलंच होतं, ते तिला इथून दिसत होतं. तेवढ्यात बाईंनी हळूच विचारलं, "सर, आपला अहवाल वर गेला का हो?"

"कुठला?"

"मोठ्या मायक्रोस्कोपवर मागे राहिलेल्या मुलांना मिळणारा वेळ सहापट झाला, असं ज्यात आहे तो."

"गेला की. वरून शाबासकीही आली. दुसऱ्या संस्थांचे लोक बघायला येणार आहेत."

"छान. फक्त तो सगळा वेळ फोटोंचा होता." बाईंचा आवाज पार्किंगविषयी बोलावं तसा शांत होता. "आता ही त्या वेळात काम करत नव्हती असं ठरलं, तर अहवाल खोटा. करत होती असं ठरलं..."

"करत होती!" संचालक ताडकन म्हणाले. "करतच होती! अहो, मीच तिला... मीच नेहमी म्हणत आलोय की काम करा!"

"सर?" लाडोबा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. दारावरचा कागद वाचता येत नाही आणि निघालेत पीएचडी करायला!"

"पण मग हा वेळ फळ्यावर लागायला हवा," बाई म्हणाल्या. "सलग. सगळ्यांना आळीपाळीनं. पाहुणे आले की फळा बघतीलच."

संचालकांनी उठून खिडकीचा पडदा सरळ केला. मग वळले तेव्हा ते मघाचे राहिले नव्हते. एक ऐतिहासिक निर्णय घेतलेला माणूस दिसत होता. "मी कधीपासून हेच म्हणतोय," ते म्हणाले.

बाहेर जिन्यावर लाडोबानं तिला गाठलं.

"मला काय माहीत आत खरं काम चाललंय म्हणून," तो म्हणाला. "फोटो म्हटल्यावर मला वाटलं..."

"सगळ्यांना तेच वाटलं. म्हणून तर जमलं."

"मी पेटी उघडली ते... किती गेलं तुझं?"

"एक अख्खी दुपार. आणि चांगल्यातला शेवटून दुसरा पापुद्रा. आता एकच उरलाय."

लाडोबा आणखी दोन पायऱ्या उतरला. "पण आधी उठतं कोण गं?"

"तिसऱ्यांदा दिसलं की सांगते."

नव्या व्यवस्थेचं उद्‌घाटन तळघरातच करायचं ठरलं. दाराला फीत लावली, पाहुणे आले, फळ्यावर पहिलं नाव दगडफुलाचं: सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत, सलग. समारंभ त्याच्या आधी उरकायचा होता. पण दहा वाजले तरी संचालकांचा पत्ता नव्हता. वर्ष संपत आलं होतं. पुढची सलग वेळ येईपर्यंत फेलोशिप राहणार नव्हती. फळ्यावर दहा म्हणजे दहा. तिनं शेवटचा पापुद्रा काढला, काचेवर ठेवला, थेंब सोडला आणि काच काळ्या पेटीत सरकवली. बाईंनी ते पाहिलं. त्या उठून तिच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये पाठ करून उभ्या राहिल्या. लाडोबानंही ते पाहिलं आणि तो त्या काळ्या पेटीच्या दाराशी असा जाऊन उभा राहिला की जणू तिथे बँक होती.

संचालक आले, फीत कापली गेली, भाषण सुरू झालं. मायक्रोस्कोपचं टेबल हवेच्या उशांवर तोललेलं असतं. बाहेर जिन्यावर पाऊल वाजलं तरी त्याचा हादरा आत पोचू नये म्हणून. त्याला हात लावायचा नाही हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. संचालक पहिल्या वर्षात होते त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी बोलता बोलता टेबलावर तळवा टेकला.

"या टेबलावर," ते म्हणाले, आणि थोपटलं, "आज एका नव्या युगाची," पुन्हा थोपटलं, "पहाट होत आहे!"

फोटोवाल्यानं झाकण काढून कॅमेरा डोळ्याला लावला होता. पडद्यावर पहिला ठिपका उजळत होता, आणि तो पाण्यातल्या चंद्रासारखा डचमळत होता.

"आणि या युगाची मानकरी," संचालकांचा आवाज भरून आला, "ही आपली मुलगी! बोल बेटा. भिऊ नकोस. आज तुला या संस्थेकडून जे हवं असेल ते मोकळेपणानं माग. आम्ही सगळे ऐकतोय."

टाळ्या थांबल्या. पाहुणे पुढे झुकले. बाई बाजूला झाल्या. दगडफुलानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"सर," ती म्हणाली, "टेबलावरचा हात तेवढा काढता का? हलतंय."